ओ द्यायची नाही

कात्रप, बदलापूर (पूर्व)
२ मे

आत्या,

नमस्कार रिद्धी स्वतः वाकून करेल, तसं तिला बजावून पाठवलं आहे. हे पत्र वाचशील तेव्हा माझी पोर तुझ्या ओटीवर असेल आणि अभिजीत परत निघायच्या घाईत. त्याची दुपारची शिफ्ट आहे. अंबरनाथ एमआयडीसीत उशीर झाला की अर्धा दिवस कापतात, म्हणून त्याला जेवायचा आग्रह करू नकोस.

मागच्या महिन्यात हळदीला आलीस आणि चारचौघांत म्हणालीस, "पोरगी मुंगीला भिते, सुट्टीत माझ्याकडे पाठव." लोकांसमोर मी हो म्हटलं आणि तेव्हापासून मला धड झोप नाही. रिद्धी अकरा वर्षांची झाली, पण बिल्डिंगसमोरचा रस्ता तिने अजून एकटीने ओलांडलेला नाही. शाळा, क्लास, घर आणि मोबाइल. तिला पाणी उकळून दे. चष्म्याशिवाय तिला जवळजवळ काहीच दिसत नाही, तो जपायला सांग. ओढ्यात नाही, धरणावर नाही, विहिरीच्या काठावर तर नाहीच नाही. गोठ्यात साप निघतात का?

एका बाबतीत मात्र मी निर्धास्त आहे. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मुलं पळवणाऱ्यांचा एक व्हिडिओ आला होता, खरा की खोटा देव जाणे. तेव्हापासून आम्ही सगळ्या आयांनी मुलांना पढवून ठेवलंय. अनोळखी माणसाने नाव घेऊन बोलावलं तर ओ द्यायची नाही. लपून बसायचं, आणि आईचा किंवा पप्पांचा आवाज ऐकल्याशिवाय हलायचं नाही. मी तिची परीक्षाही घेतली. नव्या वॉचमनला गच्चीवर हाका मारायला लावल्या, तर पोरगी टाकीमागे बसली ती बसलीच. तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

तुमच्याकडे टॉवर नाही आणि तुझ्या लेकाचा, धर्मराजदादाचा, फोन खिंडीत गेल्याशिवाय लागत नाही. पण हरेश रोज सकाळी तुमच्या गावचं दूध घेऊन आमच्याकडे येतो. त्याच्याकडे चिठ्ठी देत जा. दोन ओळी चालतील, पण रोज.

तुझी
नूतन


पिंपळटेंभा
४ मे

नूतन बाळा,

तुझी पोर पोचली, तुझं पत्रही पोचलं. पोरीपेक्षा पत्र जड होतं.

पाणी उकळते आहे. चष्म्याला दोरी बांधून गळ्यात अडकवला आहे. साप निघतात, पण तुझ्या लेकीने पहिल्या दिवशी गोठ्यात जी किंकाळी फोडली ती ऐकून यंदा ते इकडे फिरकतील असं वाटत नाही. किंकाळी कशाला, तर वासराने हात चाटला म्हणून. आज सकाळी तेच वासरू तिच्या मांडीवर डोकं ठेवून होतं.

शेजारच्या कौसाबाईची नात गोदू तुला आठवत असेल. बारा वर्षांची आहे, पण गावातल्या पोरांची मुकादम तीच. धाकटी चिमी कायम तिच्या शेपटाला. गोदू काल मला म्हणाली, "आजे, तुजी पावनी दगडावर पाय ठेवन्याआधी त्याला इचारते काय?" रिद्धीने ऐकलं आणि तिला राग आला. मला बरं वाटलं. राग आलेली पोर शिकते.

आता तिला कुकारा शिकवणं चाललं आहे. तुला कसला ठाऊक असणार, आमच्या भाऊने तुला अंबरनाथ पश्चिमेच्या त्या दोन खोल्यांबाहेर सोडलं कधी? रानात पोरं पांगली की तोंडाशी हात धरून लांब कूऊऊ करायचं, की दुसरीकडून तसंच उत्तर येतं. कोण कुठे आहे ते सगळ्यांना कळतं. नाव मात्र घ्यायचं नाही. रानात नाव घेऊन हाक मारली तर ते भलताच कोणीतरी ऐकतो आणि मग तोच त्या नावाने बोलावतो, अशी आमच्याकडची समजूत. संध्याकाळी मी खळ्यावर उभी राहून कुकारा घालते. उत्तर ऐकल्याशिवाय तव्यावर भाकरी टाकत नाही. तुझ्या लेकीचा कुकारा अजून मांजरीसारखा येतो, पण येतो.

एक विचारायचं आहे. करवंदं पिकली आहेत आणि पोरं डोंगरावर जाणार आहेत. ही रोज माझ्या तोंडाकडे बघते. तुझा होकार आल्याशिवाय मी पाठवणार नाही.

आत्या


कात्रप
६ मे

आत्या,

तुझं पत्र दुकानात नेऊन वाचलं. लग्नसराई आहे, उल्हासनगरचं आमचं दुकान सकाळपासून भरलेलं असतं आणि सेठ पाणी प्यायलाही काउंटर सोडू देत नाही. एका बाईला शेरवानी दाखवता दाखवता माझ्या डोळ्यांपुढे डोंगर होता. त्या बाई म्हणाल्या, "बेटा, ये तो लेडीज का है." मन चिंती ते वैरी न चिंती, तसं माझं झालं आहे. करवंद म्हटलं की मला काटे दिसतात, काट्यांखाली विंचू दिसतो, डोंगर म्हटला की कडा.

कालच ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, सुट्टीत धरणावर पोहायला गेलेली दोन पोरं परत आली नाहीत. गाव कुठलं ते लिहिलं नव्हतं. मी मात्र रात्री अभिजीतला उठवून विचारलं, पिंपळटेंभ्यापासून धरण किती लांब आहे म्हणून. तो म्हणाला, "तू तिला पाठवलीस आणि स्वतः इथे रोज बुडतेस." मग कूस बदलून झोपला. बापांना झोप कशी लागते हे मला अजून कळलेलं नाही.

पण नाही म्हणण्यासाठी पेन घेतलं तर हात थांबला. वासराने हात चाटला म्हणून किंचाळणारी माझी पोर डोंगरावर जायचं म्हणते. मी नको म्हटलं तर ती का म्हणून विचारणारही नाही, मला माहीत आहे. ती कधीच विचारत नाही.

जाऊ दे तिला. पण बरोबर मोठं माणूस हवं. ही माझी एकच अट आहे, आत्या, आणि ती हसण्यावारी नेऊ नकोस.

नूतन


पिंपळटेंभा
८ मे

हाय मम्मी,

मी मस्त आहे. टेन्शन नको घेऊ. मोती आजी म्हणाली तूच लिही, म्हणून मी लिहिते आहे.

इथे मोबाइलला रेंज नाही म्हणून पहिले बोअर झालं. आता लक्षातच राहत नाही तो कुठे ठेवलाय. मी आंब्याच्या झाडावर चढले. जास्त वर नाही, चिमी चढते त्याच्यापेक्षा खाली. चिमी सात वर्षांची आहे, सो थोडं इन्सल्टिंग आहे. गोदू म्हणते की पाय कुठे ठेवायचा ते बघायचं, खाली किती आहे ते नाही बघायचं. मला दोन ठिकाणी लागलंय पण रक्त थोडंच आलं. हे तुला सांगायचं नव्हतं, पण पेनने लिहिलंय.

मी गोदूला आपला रूल सांगितला, नावाने हाक मारली तर ओ नाही द्यायची तो. ती म्हणाली, मग तुमच्या बिल्डिंगमध्ये कोण हरवलं तर सापडतं कसं? तिला काय आन्सर देऊ? तू सांग.

उद्या आम्ही करवंदं काढायला जाणार. धर्मराजमामा येणार आहे, सो मोठं माणूस पण आहे. तुझ्यासाठी डबाभर आणीन. काळी काळी वाली.

रिद्धी


कात्रप
११ मे

आत्या,

नऊ तारखेपासून चिठ्ठी नाही. काल हरेशऐवजी दुसराच माणूस दूध टाकून गेला. आज हरेश आला, तर पायऱ्यांवरच पिशवी ठेवून निघाला. मी वरून विचारलं तर म्हणाला, "सगला बरा हाय, वयनी," आणि गाडीला किक मारली. धर्मराजदादाचा फोन लागत नाही. काय झालंय?

नूतन


पिंपळटेंभा
१२ मे

नूतन,

काही झालेलं नाही. घरी पाहुणे होते, लिहायला सवड मिळाली नाही. रिद्धी खुशाल आहे, जेवते, झोपते. करवंदीने हातापायांवर थोडं ओरखडलं आहे, त्याला हळद लावली. काल दिवसभर ती घरातच होती, मीच म्हटलं आराम कर. हरेशला फार प्रश्न विचारू नकोस. त्याला आणखी चार घरी दूध पोचवायचं असतं.

आत्या


कात्रप
१३ मे

आत्या,

तू मला आजवर एवढं लहान पत्र कधी लिहिलं नाहीस. एकही टोमणा नाही. मी ते चारदा वाचलं आणि दर वेळी मला जास्त भीती वाटली. करवंदं काढून आलेल्या पोरीला दिवसभर आराम कशाला लागतो? तुझ्याकडे अचानक कुठले पाहुणे? तिने दोन ओळीसुद्धा का लिहिल्या नाहीत?

आज मी खाली जाऊन हरेशच्या गाडीची चावीच काढून घेतली. बिल्डिंगमधले लोक गॅलरीतून बघत होते, बघू देत. तो खाली मान घालून म्हणाला, "मी काय बोलू वयनी, मोतीआत्याला इचारा. पोर सापडली ना, मग झाला." सापडली म्हणजे, आत्या? सापडते ती हरवलेली असते.

हे पत्र मी जिन्यातच बसून लिहिते आहे, चावी अजून माझ्याकडे आहे. कोणीतरी पाणी आणून दिलं. ती नीट आहे एवढं हरेशने आईची शपथ घेऊन सांगितलं म्हणून मी अजून इथे आहे, नाहीतर त्याच्याच गाडीवर मागे बसून आले असते. सेठने रविवारशिवाय सुट्टी नाही म्हणून सांगितलं आहे, पण उद्या हरेशबरोबर तुझं खरं पत्र आलं नाही तर मी सेठला विचारणार नाही. मला सगळं लिही, आणि मला सांभाळून घेऊ नकोस.

नूतन


पिंपळटेंभा
१३ मे, संध्याकाळ

नूतन,

हरेशने चावीचं सांगितलं. लिहिते.

तुला मोठं माणूस हवं होतं म्हणून मी धर्मराजला धाडलं. तो गेला, पण करवंदीच्या जाळ्या सुरू होतात तिथल्या आंब्याखाली आडवा झाला. त्याला जे बोलायचं ते मी बोलले आहे. अजून तो मान वर करत नाही. पोरं जाळी जाळी करत वर सरकली, कारण खालची करवंदं आधीच ओरबाडलेली असतात. रिद्धी एका जाळीत वाकली तेव्हा चष्म्याची दोरी काट्यात तुटली. चाचपडून चष्मा सापडेपर्यंत पोरं पलीकडच्या डोंगरधारेवर गेली होती. तेव्हाच तिने कुकारा घातला असता तर चिमी हाकेवर होती. पण सगळे हसतील म्हणून लाजली, आणि दिसली त्या पायवाटेने एकटीच उतरायला लागली.

पोरं खाली आली आणि एक कमी भरली. सूर्य डोंगराला टेकला होता. अख्खा गाव निघाला. धर्मराज, हरेश, कौसाबाईचा बाळा, कोणाच्या हातात कोयता, कोणाच्या हातात बॅटरी. घाबरल्यावर माणूस रीत विसरतो. सगळे नावाने ओरडत सुटले, "रिद्धी, ए रिद्धी, कंय हायेस गो?" सगळा डोंगर तिच्या नावाने भरून गेला आणि कुठूनच उत्तर नाही. मी ओढ्याकडे गेले. का गेले ते तुला सांगायला नको. पाण्यात काठी घालून तळ चाचपत होते, आणि काठीला काही लागू नये म्हणून मी कुलदैवताला काय काय बोलले ते मलाच आठवत नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं होतं ते. धर्मराज जिथे उभा राहून ओरडत होता, त्याच्या पायाशीच्या जाळीत ती बसली होती. गुडघ्यात डोकं घालून. तिला सगळं ऐकू येत होतं. काळोख पडतोय, चष्म्याची एक काच फुटलेली, आणि कोयतेवाली माणसं आपलं नाव घेऊन ओरडताहेत. तिला तू जसं शिकवलंस तसंच तिने केलं, नूतन. अगदी तसंच.

गोदूच्या लक्षात आलं. ती धर्मराजचा सदरा ओढून म्हणाली, "मामा, नाव नका घेव. ती नावाला ओ नाय देनार, तिच्या आयशीनं सांगलाय." सगळ्यांना तिने गप्प केलं आणि कुकारा घातला. काही नाही. पुन्हा घातला. मग त्या जाळीतून बारीक, तुटका कूऊ आला. मला तो खाली ओढ्यावर ऐकू आला आणि मी पाण्यातच बसले.

घरी आल्यावर मी तिला पोटाशी धरून विचारलं, "अगं, आमचा आवाज येत होता ना?" तर म्हणते, "आजी, नावाने बोलावलं तर नाही ना जायचं. कूऊमध्ये माझं नाव नव्हतं."

तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. तू पहिल्याच पत्रात सगळं सांगितलं होतंस. मी ते वाचून हसले आणि पत्र फळीवर ठेवून दिलं. गावात चार जणांना सांगितलं असतं तर ती संध्याकाळ आलीच नसती. आणि नंतर लपवलं ते अशासाठी की कळलं तर तू तिला घेऊन जाशील. तिने तेव्हापासून उंबरठा ओलांडलेला नाही. अशीच नेलीस तर ती त्या जाळीतच राहील. शुक्रवारी पोरं परत वर जाणार आहेत. या वेळी मी जाते तिच्याबरोबर, गुडघे गेले खड्ड्यात. एवढं ऐक.

आत्या


कात्रप
१४ मे

आत्या,

रविवारी सकाळी आम्ही येतोय. बॅग भरून ठेव. तोवर ती अंगणाबाहेर गेली तर मी पुन्हा तुझं तोंड बघणार नाही.

नूतन


कात्रप
१ जून

आत्या,

दोन आठवडे मी हरेशला नुसती रिकामी पिशवी दिली. त्यात चिठ्ठी नव्हती. आज लिहिते आहे, कारण लिहिलं नाही तर दुसरं काहीतरी करून बसेन.

त्या रविवारी मी तुझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. गोदू कुडाशी उभी होती, तिच्याशी बोलले नाही. माझ्या पोरीचा जीव जिच्यामुळे परत आला तिच्याकडे मी पाठ करून निघाले. रिद्धी रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. ती गुपचूप गाडीवर बसली आणि मागे वळूनही बघितलं नाही. मला वाटलं, चला, शहाणी आहे.

घरी आल्यापासून ती गॅलरीत जायलाही विचारते. मला मनातून बरंच वाटत होतं. मग परवा मी न्हाणीघरातून हाक मारली, टॉवेल दे गं म्हणून. ओ नाही. पुन्हा मारली, पुन्हा मारली. ओली तशीच बाहेर आले तर पोर कपाटाच्या आड भिंतीला चिकटून उभी, दोन्ही हातांनी तोंड दाबून. म्हणाली, "दार बंद होतं ना मम्मी, आवाज तुझाच आहे का ते कळलं नाही."

आत्या, तुम्ही सगळे डोंगरावर जे ऐकत होतात ते मी माझ्या घरात ऐकलं. स्वतःच्या पोरीला हाका मारायच्या आणि पलीकडून काहीच नाही. मी तिच्यासमोर बसून रडले. तिला सांगितलं की मी तुला चुकीचं शिकवलं. तिने विचारलं, "मग बरोबर काय आहे?"  मी एवढंच म्हटलं, की माणसं नावाने बोलावतात ती बहुतेक वेळा शोधत असतात म्हणून.

आज दुपारी दुसऱ्या मजल्यावरचा कल्पेश आणि बिल्डिंगमधली चार-पाच मुलं मागच्या माळापलीकडच्या टेकडीवर निघाली. कल्पेश नववीत आहे. मोठं माणूस कोणी नाही. रिद्धी दारात उभी राहून त्यांच्या चपला बघत होती. मीच म्हटलं, जा. ती नको म्हणाली. खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. आणि ते वाटलं म्हणूनच मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि तिला दाराबाहेर ढकललं. अर्ध्या जिन्यात थांबून तिने वर बघितलं. मी हसले. कशी हसले मलाच ठाऊक.

उजेड असेपर्यंत येतो म्हणाली होती मुलं. समोरच्या भिंतीवरचं ऊन गेलं. गॅलरीत उभी राहिले तर मी ओरडेन आणि सगळी बिल्डिंग गोळा करीन, म्हणून स्वयंपाकघरात ओट्याला टेकून लिहिते आहे. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. अभिजीत शिफ्टवर आहे, त्याला फोन केलेला नाही. खाली मुलांचा आवाज आला की हात थांबतो, मग ती दुसरीच मुलं असतात.

तुझ्या हातात हे पत्र पडेल तेव्हा ती केव्हाच घरी आलेली असेल. डोक्याला हे समजतं, पोटाला समजत नाही. तरी मी इथून उठणार नाही. तिला तिच्या पायांनी जिना चढून येऊ दे.

तुला माझ्याशी बोलायचं असेल तर बोल. नसेल तरी गोदूला सांग की तिच्या मैत्रिणीच्या आईने तिची माफी मागितली आहे.

रिद्धीला तुला चार ओळी लिहायच्या असतील. खाली तेवढी जागा सोडून ठेवते आहे.

नूतन